स्वच्छ हवेसाठी सवयी बदलणारं ॲप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या प्रभागात काही जणांनी मिळून असं एक ॲप घडवलं, मोडलं आणि पुन्हा घडवलं. तेव्हापासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सोसायट्यांचे सचिव, शाळांमधले शिक्षक आणि इतर शहरांतले कार्यकर्ते प्रश्न पाठवत असतात. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं पुण्याची जास्त आहेत, कारण आम्ही तिथली हवा रोज घेतो.

१. हवा दाखवणारी ॲप्स आहेतच. मग आणखी एक कशाला?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने उभी केलेली ‘सफर’ आहे. हवा कशी आहे ते दोन्ही सांगतात, ते काम पुन्हा करायची गरज नाही. पण हवा वाईट आहे हे कळल्यावर माणूस काय करतो? खिडकी लावून घेतो, फार तर आजोबांना म्हणतो, आज फिरायला जाऊ नका. आपल्या हातून हवेत जाणारा धूर कमी कसा करायचा, हे त्या आकड्यावरून सुचत नाही. सवयी बदलणारं ॲप त्या पुढच्या पायरीसाठी हवं. तुमच्या पहिल्या स्क्रीनवर फक्त मोठा रंगीत आकडा असेल, तर आधी प्रश्न ६ वाचा.

२. सुरुवात कुठून करू? मी स्क्रीनची चित्रं काढायला घेतली आहेत.

चित्रं जरा बाजूला ठेवा. ज्या भागासाठी ॲप करायचं, तिथे थंडीच्या दिवसांत तीन फेऱ्या मारा: पहाटे सहाला, सकाळी आठला आणि रात्री अकराला. वहीत दोनच गोष्टी लिहा. धूर किंवा धूळ कुठून येते आहे आणि तिथे उभा असलेला माणूस कोण आहे.

पहाटे झाडलोट झाल्यावर पेटवलेले पानांचे ढीग दिसतील, वॉचमनची शेकोटी दिसेल, एखाद्या वाड्यात अजून लाकडावर पेटणारा बंब सापडेल. आठला शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाड्या असतील. रात्री ताडपत्री न टाकलेले राडारोड्याचे डंपर जातील. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि तिच्यावर उबदार थर झाकणासारखा बसतो. त्यामुळे दुपारी सहज विरून गेला असता तेवढाच धूर पहाटे गल्लीत कोंडून राहतो. कोणत्या वेळी कोणाला काय सांगायचं, हे या तीन फेऱ्यांतून ठरतं.

आम्ही पहिल्या वेळी हे केलं नव्हतं. दुसऱ्या शहरांची ॲप्स पाहून एका गाडीतून चौघांनी जाण्याला आम्ही सर्वांत वरचं स्थान दिलं. आमच्या भागात बहुतेक जण दुचाकीवर असतात आणि त्यांच्या निम्म्या फेऱ्या भाजी, दूध आणि क्लासच्या. ते बटण कोणी दाबलंच नाही.

३. ॲपच हवं का? व्हॉट्सॲपचा गट पुरणार नाही का?

दोनचार सोसायट्यांसाठी गट पुरतो, आणि आधी एक हिवाळा गटावरच काढा असं मी आग्रहाने सांगेन. कोणते निरोप वाचले जातात, कोणते वाचले जात नाहीत, हे तिथे फुकट कळतं. वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या वेळी वेगळं सांगायचं असेल किंवा नोंदी महिनोन्महिने राखायच्या असतील, तर ॲपकडे वळा.

४. नेमक्या कोणत्या सवयी घ्याव्यात?

पाचाहून जास्त नकोत. सवय निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहतो: तिचा धूर किंवा धूळ त्याच वस्तीत पडते का, ती त्या माणसाच्या हातात आहे का, आणि केली की नाही हे दिसतं का.

पहिली सवय न जाळण्याची. पालापाचोळा, कागद, प्लॅस्टिक रस्त्याकडेला जळतं तेव्हा आच मंद असते, जळणं अर्धवट राहतं आणि धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवरच फिरतो. पण ‘जाळू नका’ एवढंच सांगून भागत नाही, पानं न्यायची कुठे हेही ॲपने सांगायला हवं. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ ही चळवळ पानं जास्त झालेल्यांना आणि बागेत आच्छादनासाठी पानं हवी असलेल्यांना जोडून देते. पालापाचोळा हा कचरा आहे ही समजूतच तिने मोडली. तुमच्या ॲपमध्ये ‘पानं आहेत’ आणि ‘पानं हवीत’ ही दोन बटणं असली, तरी अर्धं काम झालं. सुका कचरा वेचकांपर्यंत वेगळा पोचला की जाळायला उरतोच कमी. पुण्यात त्यासाठी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघर जाते.

दुसरी, जवळच्या फेऱ्या पायी किंवा सायकलने. यामागचं कारण लोकांना सांगा, त्यांना ते पटतं. गाडीच्या धुराड्यातलं धूर शुद्ध करणारं उपकरण, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चांगलं तापल्यावरच नीट काम करतं. दीड किलोमीटरवरच्या दुकानात जाऊन येईपर्यंत ते पुरतं तापलेलंही नसतं. म्हणून छोट्या फेरीत दर किलोमीटरला लांबच्या प्रवासापेक्षा जास्त घाण बाहेर पडते.

तिसरी पीयूसी. नव्या गाडीला नोंदणीपासून वर्षभराने पहिली तपासणी लागते. बीएस ४ (गाडीच्या धुराचं भारतीय मानक) आणि त्यापुढच्या गाड्यांना प्रमाणपत्र वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने. तारीख संपण्याच्या आठवडाभर आधी आठवण देणं हे ॲपला सहज जमतं, आणि लोक त्यासाठी मनापासून आभार मानतात.

चौथी, सेकंद दाखवणाऱ्या सिग्नलला आणि शाळेच्या फाटकाशी इंजिन बंद करणं. पाचवी धुळीची: अंगण झाडण्याआधी पाण्याचा शिडकावा, घरकामातली वाळू आणि राडारोडा झाकून ठेवणं. आपल्या शहरांतल्या पीएम १० मध्ये, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांमध्ये, रस्त्यावरच्या आणि बांधकामाच्या धुळीचा वाटा मोठा असतो. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी धूळ रोखण्याचे नियम काढले ते त्यामुळेच.

५. एलईडी दिवे, झाडं लावणं, कापडी पिशवी या सवयी का घेतल्या नाहीत?

त्या चांगल्याच आहेत. पण हवा स्वच्छ करणं आणि हवामान बदल रोखणं या शेजारच्या असल्या, तरी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच गुणपत्रिकेत घातल्या की माणूस सोपं तेवढं करतो आणि गल्लीतला धूर तसाच राहतो.

विजेचं उदाहरण घ्या. तुम्ही पुण्यात दिवा बंद केलात तर त्याचा फायदा पुण्याच्या हवेला फारसा होत नाही. झालाच तर चंद्रपूरच्या हवेला होतो, जिथल्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात आपल्यासाठी कोळसा जळतो. नागपूरजवळ कोराडीतही तेच. हे लोकांना जरूर सांगा, चंद्रपूरकरांचं ते ऋण आहे. फक्त ‘तुमच्या परिसरातली हवा सुधारली’ असं त्याच्यापुढे लिहू नका.

झाडं धूळ थोडीफार अडवतात आणि सावली देतात. पण यंदा लावलेलं रोप यंदाच्या हिवाळ्यातल्या शेकोटीचा धूर शोषत नाही.

६. हवेचा निर्देशांक दाखवावा का? दाखवला तर कसा?

दाखवा, पण कृतीच्या खाली आणि लहान अक्षरात. २०१५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक आहे. त्याचे सहा वर्ग आहेत: ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. आठ प्रदूषकांचा हिशेब होतो, प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि सर्वांत वाईट निघेल तोच त्या दिवसाचा निर्देशांक धरतात.

इथे एक गोम आहे. सूक्ष्म धूलिकणांचा हिशेब २४ तासांच्या सरासरीवर होतो. म्हणजे सकाळी सातला गल्लीत कचरा जळत असला, तरी ॲपवर कालच्या वाऱ्याने स्वच्छ केलेला हिरवा आकडा दिसू शकतो. लोक म्हणतात, ॲप खोटं बोलतंय. म्हणून आकड्याशेजारी ‘गेल्या २४ तासांची सरासरी’ हे शब्द हवेतच. आणि प्रत्येक वर्गासाठी एकच कृती असावी. ‘मध्यम’ला एक, ‘वाईट’ला एक. दहा सल्ले एकदम दिले तर लोक एकही पाळत नाहीत.

७. तुमच्या ॲपवर १०० आहे, माझ्या फोनवरचं दुसरं ॲप १५० च्या वर दाखवतं. खरं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात, कारण मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. हवेत दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण) असेल, तर भारतीय मोजपट्टीवर १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’ची शेवटची पायरी. तीच हवा अमेरिकी मोजपट्टीवर १५० च्या वर जाते आणि आरोग्याला घातक ठरते. बाहेरची बरीच ॲप्स अमेरिकी पट्टी वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच कणांसाठी २४ तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सुचवली. आपलं राष्ट्रीय मानक ६० चं आहे.

आम्ही भारतीय पट्टी ठेवली, कारण महापालिका आणि शाळा तीच मानतात. पण आकड्यावर बोट ठेवलं की मूळ मायक्रोग्रॅम दिसतात आणि कोणती पट्टी आहे तेही लिहिलेलं असतं. ‘समाधानकारक’ हा शब्द वाचून दम्याच्या रुग्णाने निर्धास्त व्हावं, असं मला वाटत नाही.

८. आमच्या गावात सरकारी मोजणी केंद्रच नाही. स्वस्त सेन्सर लावला तर चालेल?

चालेल, पण त्याच्याकडून किती अपेक्षा करायची ते आधी ठरवा. हे सेन्सर कणांवर प्रकाश टाकून विखुरलेला प्रकाश मोजतात. हवा दमट असली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा खऱ्याहून वर जातो. कोकणात, किंवा पुण्यात पावसाळी सकाळी, स्वच्छ हवासुद्धा वाईट दिसू शकते. जवळच्या शहरातल्या सरकारी केंद्राशेजारी तो काही आठवडे ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहा. एकाच ऋतूत नाही, थंडीत आणि दमट दिवसांत, दोन्ही वेळी.

स्वयंपाकघराच्या खिडकीत तो लावू नका, फोडणीचा धूर गावाच्या नावावर जाईल. आणि त्याच्या आकड्याला ‘चांगली’, ‘वाईट’ असे सरकारी वर्ग चिकटवू नका. ‘नेहमीपेक्षा जास्त’ किंवा ‘नेहमीपेक्षा कमी’ एवढं पुरे. वीस किलोमीटरवरच्या केंद्राचा आकडा आपल्या गावाचा म्हणून दाखवण्यापेक्षा आकडा नसलेला बरा. प्रश्न ४ मधल्या सवयींना आकड्याची गरज पडत नाही.

९. माहिती कुठून घ्यायची? मध्येच आकडे येणं थांबलं तर?

केंद्रीय मंडळाच्या केंद्रांचे आकडे भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून ताशी मिळतात, नोंदणी केली की झालं. केंद्र बंद पडतं, वीज जाते, खंड येतोच. अशा वेळी शून्य दाखवू नका, जुना आकडा ताजा म्हणून तर नाहीच. ‘सकाळी ९ नंतर आकडा आलेला नाही’ असं सरळ लिहा.

१०. पॉइंट, बॅज, स्पर्धा ठेवल्या तर लोक टिकतील ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याच बाबतीत ॲप्स सर्वांत जास्त चुकतात.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवरचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे वाढले. आधी त्यांना बाईंसमोर अवघडल्यासारखं व्हायचं. दंड आल्यावर उशीर ही पैसे देऊन घेता येणारी सोय झाली. दंड काढून टाकला तरी जुनी चाल परत आली नाही. पॉइंटांचंही असंच होतं. शेजारच्या बाळाला धूर लागू नये म्हणून न जाळणाऱ्या माणसाला तुम्ही दहा पॉइंट दिलेत, की त्याच्या मनात त्या गोष्टीची किंमत दहा पॉइंट होते.

दुसरा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावचा, २००७ मधला. घरोघर कळवलं, तुमची वीज एवढी आणि शेजाऱ्यांची सरासरी एवढी. जास्त वापरणाऱ्यांनी कमी केली, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवली! त्या कागदावर हसऱ्या चेहऱ्याचं छोटं चित्र काढून शाबासकी दिली, तेव्हा ती वाढ थांबली. म्हणून ‘तुमच्या सोसायटीची सरासरी’ दाखवत असाल तर चांगलं करणाऱ्याला शाबासकी द्यायला विसरू नका.

बक्षिसं मुळीच नकोत असंही नाही. बेंगळुरूत इन्फोसिसच्या आवारात २००८–०९ मध्ये गर्दीच्या वेळेआधी येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी सोडत ठेवली होती, आणि लवकर येणारे जवळजवळ दुप्पट झाले. ते काम वेळ पुढेमागे करण्याचं होतं, आणि मोजणी आपोआप होत होती.

आमचा निष्कर्ष असा: एकेका माणसाची क्रमवारी नको. गल्ली किंवा सोसायटीचं मिळून एक लक्ष्य असावं, आणि तुलना तिच्याच गेल्या महिन्याशी व्हावी. ‘या महिन्यात आपल्या गल्लीत एकदाही पानं पेटली नाहीत’ हे वाक्य कोणत्याही बॅजपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं.

११. लोक खोटं नोंदवतील त्याचं काय?

बक्षीस नसेल तर खोटं नोंदवायला कारण उरत नाही (प्रश्न १० पाहा). प्रत्येक कामाचा फोटो मागितला की प्रामाणिक माणूस दुखावतो, आणि खोटं नोंदवणारा जुना फोटो टाकतोच. आम्ही फोटो फक्त सामूहिक गोष्टींचा मागतो: खताचा खड्डा, झाकलेली वाळू.

१२. मी चालत गेलो की बसने, हे फोनला आपोआप कळेल का?

थोडंफार. चालणं, पळणं, सायकल आणि वाहन एवढा फरक फोनमधल्या हालचालीच्या सेन्सरवरून बऱ्यापैकी ओळखता येतो. पण बस, रिक्षा आणि स्वतःची मोटार त्याला साधारण सारखीच दिसते, आणि आपल्याला तर नेमका तोच फरक हवा असतो. त्यासाठी सतत ठिकाण टिपत राहिलं तर बॅटरी उतरते, दहा हजारांच्या फोनवर तर दुपारीच. शिवाय अँड्रॉइडवर पार्श्वभूमीत ठिकाण टिपायचं तर प्ले स्टोअरला त्याचं वेगळं कारण द्यावं लागतं.

माझं मत: दिवसातून एकदा, संध्याकाळी, एकच प्रश्न विचारा. ‘आज जवळच्या किती फेऱ्या गाडीशिवाय झाल्या?’ आकडा अंदाजे येईल, चालेल. माणसाने स्वतःला तो प्रश्न विचारला, हे मोजणीपेक्षा मोलाचं आहे.

१३. शेजारी रोज कचरा जाळतात. ॲपमधून फोटोसह तक्रार करता यावी का?

या प्रश्नावर आमच्यात भांडणं झाली आहेत.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. उघड्यावर कचरा जाळण्याला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये साध्या प्रकारासाठी ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांची भरपाई ठरवली. महापालिकांच्या तक्रार यंत्रणा आहेत, तुमच्या ॲपने तिथे नेणारं बटण जरूर द्यावं.

पण स्वतःच्या ॲपवर फोटोंची भिंत उभारू नका. अशा फोटोत दिसतो कोण? झाडलोट करणारी बाई, रात्रपाळीचा वॉचमन. पानं न्यायला गाडी येत नाही म्हणून ती पेटवते. थंडी वाजते म्हणून तो मिळेल ते जाळतो, त्यात प्लॅस्टिकची वेष्टणंही येतात, आणि त्या धुराच्या सर्वांत जवळ तोच बसलेला असतो. आमच्या गल्लीतल्या एका सोसायटीने वॉचमनना जाड जॅकेट आणि खोलीत छोटा हीटर दिला, आणि शेकोटी बंद झाली. म्हणून आमच्या ॲपमध्ये धूर दिसला की आधी प्रश्न येतो: ‘तिथल्या माणसाला काय दिलं तर हे थांबेल?’ पर्याय चार आहेत: पानं नेण्याची सोय, ऊब, कचऱ्याचा डबा, माहीत नाही. हा निरोप त्या सोसायटीच्या सचिवांकडे जातो. तीन निरोपांनंतरही काही हललं नाही, तरच महापालिकेचं बटण पुढे येतं. कारखाना किंवा बांधकाम असेल तर मात्र थांबायचं नाही, पहिल्याच दिवशी तक्रार.

१४. ज्यांच्याकडे पर्यायच नाही त्यांनी काय करायचं? मी डिलिव्हरीचं काम करतो.

तुम्हाला ‘आज गाडी वापरू नका’ असा निरोप येत असेल तर दोष ॲपचा आहे. नाव नोंदवतानाच दोन प्रश्न विचारावेत: गाडी हे तुमच्या रोजीरोटीचं साधन आहे का, आणि घरापासून बस किंवा मेट्रो चालत जाण्याजोगी आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर फक्त पीयूसी, टायरमधली हवा, थांबल्यावर इंजिन बंद एवढंच दाखवा. या तिन्हींत पेट्रोलही वाचतं. जिथे बसच येत नाही तिथल्यांना बसचा सल्ला देण्याऐवजी ‘इथे बस हवी’ असं नोंदवण्याची सोय द्या, आणि ती यादी नगरसेवकापर्यंत पोचवा. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घरालाही हेच लागू. सिलिंडर परवडत नाही हे त्या घरातल्या बाईला ॲपने सांगायला नको. खिडकी उघडी ठेवणं, ओलं लाकूड टाळणं एवढं तिच्या हातात आहे.

१५. हवा ‘वाईट’ असताना सायकल चालवा असं सांगणं योग्य आहे का?

निर्देशांक २०० च्या वर असेल तर सायकलचा आग्रह थांबवा. जोरात पेडल मारताना श्वास खोल जातो आणि कणही खोल जातात. अशा दिवशी आतल्या रस्त्यांचा मार्ग सुचवा, किंवा पहाटेऐवजी ऊन वर आल्यावरची वेळ (कारण प्रश्न २ मध्ये आहे). दमा, हृदयविकार, गरोदरपण असं काही कळवलेल्यांना त्याही आधी थांबवा.

सलग दिवसांची साखळी ठेवली असेल तर अशा दिवशी ती तुटू देऊ नका. साखळी तुटेल म्हणून खोकत सायकल काढलेला एक जण आम्ही पाहिला, आणि त्याच रात्री तो नियम बदलला.

१६. शाळेत वापरायचं आहे. मुलांची खाती काढावी का?

शक्यतो नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यावर निर्बंध आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वर्गाचं एकच खातं काढा, नाव ‘सातवी ब’, आणि नोंदी बाईंच्या फोनवरून होऊ द्या. मुलांनी फाटकाशी उभं राहून चालू इंजिनं मोजणं हा उत्तम उपक्रम आहे. त्यात गाड्यांचे नंबर लिहायचे नाहीत, नुसती संख्या.

१७. ॲप मराठीत करताना काय सांभाळावं?

इंग्रजीत लिहून मग भाषांतर करू नका. ‘उत्सर्जन’ला धूर म्हणा, ‘शाश्वत वाहतूक’ला बस आणि सायकल म्हणा. ‘पीयूसी’ला पीयूसीच म्हणा, त्याचं मराठी नाव गॅरेजवालाही ओळखणार नाही. निरोप ‘तुम्ही’ वापरून असावेत आणि दटावणीचे नसावेत. ‘कचरा जाळू नका’पेक्षा ‘आज पानांची गाडी ११ वाजता येते’ हे जास्त उपयोगी.

देवनागरीला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, नाहीतर उकार आणि वेलांट्या कापल्या जातात. खरा फोन हातात घेऊन अक्षर मोठं करून पाहा. संमतीचा मजकूर तर मराठीत हवाच. प्रश्न १६ मधल्या कायद्याने तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मागण्याचा हक्क दिला आहे. वॉचमन आणि बांधकामावरच्या कामगारांसाठी हिंदी आवाजातले निरोपही ठेवा.

१८. दिवाळी आणि होळीत काय निरोप पाठवायचे?

सणाच्या दिवशी एकही नाही. फटाके घरात आलेले असतात, मुलं अंगणात असतात, तेव्हाचा उपदेश फक्त राग आणतो. खरेदीच्या दोन आठवडे आधी बोला. ‘सोसायटीत एकच वेळ, एकच जागा ठरवूया का?’ असं विचारा. होळीलाही तसंच: चार सोसायट्यांची मिळून एक, लहान, त्यात टायर आणि प्लॅस्टिक नाही. आमच्याकडे हे सर्वांत आधी ज्येष्ठ मंडळींनी उचललं.

१९. ॲपमुळे हवा सुधारली हे सिद्ध कसं करायचं?

प्रकल्पाच्या अहवालासाठी विद्यार्थी हे हमखास विचारतात. खरं उत्तर असं की एका प्रभागातल्या काहीशे लोकांच्या सवयींमुळे शहराचा निर्देशांक हलल्याचं दाखवता येणार नाही. वारा पडला, पाऊस आला, शेजारी रस्ता खोदला, यातल्या एकानेही आकडा त्याहून जास्त बदलतो. जानेवारी आणि जुलैची तुलना करून ‘आमच्यामुळे एवढे टक्के घट’ लिहिणं तर सरळ फसवणूक आहे.

सवय मोजा. प्रश्न २ मधल्या फेऱ्या दर हिवाळ्यात त्याच रस्त्यांवर, त्याच वेळी, त्याच महिन्यात मारा आणि पेटलेले ढीग मोजा. ॲप नसलेल्या शेजारच्या प्रभागातही मोजा, म्हणजे सगळीकडेच घटले की तुमच्याकडेच हे कळेल. मोजणारा ॲपच्या गटातला नसावा.

२०. एक कंपनी पैसे द्यायला तयार आहे, बदल्यात ॲपवर जाहिरात हवी. घ्यावे का?

कंपनी काय विकते ते पाहा. सायकल दुरुस्ती, खताची पिंपं असतील तर हरकत नाही. नवी मोटार घ्यायला लावणारी जाहिरात, मग ती विजेवरची का असेना, आम्ही घेत नाही. धूर कमी झाला तरी टायर, ब्रेक आणि रस्त्याची धूळ राहतेच, आणि ॲपचा सल्ला चालण्याचा आहे. ‘इतकी नोंद झाली की एक झाड लावू’ असा प्रस्तावही येतो. चीनमध्ये अलीपेच्या ‘अँट फॉरेस्ट’ने २०१६ पासून असंच करून कोट्यवधी लोक जोडले. आपल्याकडे करायचं तर झाड कुठे, कोणतं आणि तीन वर्षं पाणी कोण घालणार, हे लिहून घ्या. लोकांच्या ठिकाणांची माहिती मागितली, तर बोलणं तिथेच थांबवा.

२१. पावसाळ्यात हवा चांगलीच असते. तेव्हा लोक ॲप काढून टाकतात, काय करावं?

गप्प बसा. पाऊस कण धुऊन काढतो, आकडे हिरवे असतात, तेव्हा रोज निरोप पाठवलात तर लोक ॲप काढतीलच. जून ते सप्टेंबर महिन्याला एक निरोप पुरे, तोही कामाचा: पीयूसीची तारीख, पावसात चालायच्या रस्त्यावरचे खड्डे कळवण्याची सोय.

हे चार महिने तयारीचे आहेत. पुण्यात पानगळ संक्रांतीनंतर होळीपर्यंत जोरात असते, तेव्हा जागा शोधत बसलं तर ढीग पेटतातच. जाळीचा पिंजरा कोणत्या कोपऱ्यात ठेवायचा, पानं कोण भरणार, खत कोण नेणार, हे गणपतीच्या बैठकीत ठरवून घ्या, तेव्हा सगळे एकत्र असतात. वॉचमनची जॅकेटं दिवाळीआधी घ्या. आणि परतीचा पाऊस गेला की पुढच्याच आठवड्यात पहिला निरोप पाठवा, पहिली शेकोटी पेटायच्या आधी.